टब चालू केला की आरसीसीबी पडते: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पुण्यात बाणेर-बावधनच्या बंगल्यांच्या गच्चीवर आणि पानशेत-मुळशीकडच्या फार्महाउसवर गरम पाण्याचे टब आता नवलाईचे राहिलेले नाहीत. वायरिंगची आणि टब दुरुस्तीची कामं करताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकतो: "टब चालू केला की आरसीसीबी पडते. उचलली की परत पडते." आरसीसीबी म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा, डीबीतला (घरातल्या खटक्यांच्या पेटीतला) खटका. तो पडायचं कारण प्रत्येक घरात वेगळं निघतं, शोधायचा क्रम मात्र बदलत नाही. आधी फुकटात होणारं, मग मिस्त्री लागणारं, शेवटी खर्चाचं. बाथरूममधल्या छोट्या जकुझीलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतं ते आधी ठरवा. "लाइट जाते" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- पाण्यात हात घातला किंवा स्टीलच्या शिडीला, नळाला हात लागला की झिणझिण्या येतात. असं असेल तर खालचं काहीही करत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, डीबीतून मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाहेर येताना शिडीला किंवा रेलिंगला धरू नका. शक्य असेल तर माणसं पाण्यात असतानाच कोणीतरी कोरड्या जागेवरून मेन पाडावा, मगच बाहेर यावं.
- मेन वर केल्या केल्या, टबाचं एकही बटण न दाबता आरसीसीबी पडते.
- टब चालू होतो, पाच-दहा मिनिटं चालतो, मग पाणी तापायला लागलं की पडते.
- फक्त बुडबुड्यांचं बटण दाबलं की पडते.
- कोणी घरात नसताना, साधारण ठरावीक वेळेला पडते.
- पावसाळ्यात किंवा पाऊस पडून गेल्यावरच पडते, उन्हाळ्यात त्रास नाही.
- टब बंद असताना दुसरंच काहीतरी, गच्चीवरचा दिवा म्हणा किंवा बोअरची मोटार, लावली की पडते.
- आरसीसीबी जागेवर राहते, एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा खटका) पडते.

पहिली गोष्ट: नक्की कोण पडलं

डीबीचं दार उघडा आणि कुठला खटका खाली आलाय ते बघा. ज्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं ती आरसीसीबी. जुने लोक तिला सरसकट ईएलसीबी म्हणतात, हरकत नाही. तसं बटण नसलेल्या बारक्या खटक्यांच्या रांगा म्हणजे एमसीबी. काही नव्या घरांत दोन्ही एकातच असलेली आरसीबीओ असते. तिलाही टी बटण असतं, त्यामुळे तिथे खटक्यावरून दोष ओळखता येत नाही, तो लक्षणांवरून ठरवावा लागतो.

एमसीबी पडत असेल तर गोष्ट वेगळी आहे. ३ किलोवॉटचा हीटर १३ अँपिअर घेतो. त्यात जेट पंप आणि ब्लोअर (बुडबुड्यांसाठी हवा फुंकणारी मोटार) धरला की बऱ्याच टबांचा आकडा २२ ते २५ अँपिअरवर जातो. त्याला ३२ अँपिअरची वेगळी लाइन आणि किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल हवी. गीझरच्या लाइनवरून टब जोडलेला असेल तर एमसीबी पडणारच. ती बदलून मोठी बसवणं हा उपाय नाही, कारण मग खटका पडायच्या आधी वायर तापते. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेही बघून घ्या. टब, दोन गीझर आणि एसी एकत्र चालवणाऱ्या घरात तो बहुतेक वेळा कमी पडतो आणि महावितरणकडे वाढवून मागावा लागतो.

आरसीसीबी पडते याचा अर्थ फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येत नाहीये, मधे कुठेतरी जमिनीकडे गळतोय. घरात बसवतात ती ३० मिलीअँपिअरची असते आणि १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकते. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही, ओल्या अंगाने तर फारच वाईट. म्हणून खालचा सगळा शोध गळती कुठे आहे याचा आहे. आरसीसीबी गप्प कशी करायची याचा नाही.

एकदा उचलून बघा. दुसऱ्यांदा पडली तर तिच्याशी भांडू नका.

दुसरी: टी बटण

माणसं टबाबाहेर, आणि सप्लाय चालू असताना टी दाबा. खटका खटकन खाली यायला हवा. आला नाही तर ती आरसीसीबी मेलेली आहे. ती बदलेपर्यंत टब बंद. नवी घेताना तपकीर गल्लीच्या बाजारात घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात, आयएसआय चिन्ह आणि त्याखाली आयएस १२६४० हा क्रमांक आहे का बघा आणि बिल मागा.

मात्र हे बटण आरसीसीबीच्या आतल्याच एका रेझिस्टरमधून करंट वळवतं. ते दाबल्यावर खटका पडला म्हणजे घराचं अर्थिंग चांगलं आहे असं ठरत नाही. ही गल्लत मी शिकल्या-सवरलेल्या मंडळींकडूनही ऐकतो.

तिसरी: वेळ आणि हवामान लिहून ठेवा

कागदावर चार ओळी: कधी पडली, तेव्हा काय चालू होतं, पाऊस होता का, पाणी किती गरम होतं. इलेक्ट्रिशियनचा अर्धा वेळ यानेच वाचतो.

ठरावीक वेळेला पडत असेल तर टबाच्या पॅनलवर फिल्टर सायकलच्या वेळा बघा. त्या वेळी सर्क्युलेशन पंप आणि ओझोनेटर (पाणी शुद्ध करायला ओझोन सोडणारं यंत्र) आपोआप सुरू होतात. ओझोनेटर हे बारकं डबडं बऱ्याचदा गुन्हेगार निघतं, कारण त्याच्या नळीतून पाणी उलटं येऊन आत शिरतं. बुडबुड्यांच्या बटणाला पडत असेल तर ब्लोअर. ब्लोअरच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या वर वळसा आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. बसवणाऱ्याने जागा नाही म्हणून वळसा गाळला असेल तर ब्लोअर बंद झाला की पाणी थेट त्याच्या मोटारीत उतरतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाऊन आली की तेवढ्यापुरती पडते आणि एरवी आठवडाभर त्रास नाही, असंही सांगतात. वीज परत येताना घरातल्या सगळ्या वस्तू एकदम चालू होतात आणि त्यांच्या फिल्टरांतून क्षणभर गळती वाढते. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असेल तर हे जास्त होतं. त्याचा उपाय पुढे आहे.

चौथी: डोळे आणि नाक

टबाजवळचा आयसोलेटर (फक्त टबाची वीज तोडणारा वेगळा स्विच) बंद करा, डीबीतूनही बंद करा, मग टबाच्या बाजूचं पॅनल काढा. हे पॅनल हाताने किंवा साध्या क्लिपने निघतं. आतला कंट्रोल बॉक्स मात्र उघडायचा नाही.

टॉर्च घेऊन बघा. पंपाच्या खाली पांढरा ओघळ वाळलेला दिसतोय का? पंपाची सील गेली की पाणी थेंबथेंब मोटारीवर येतं आणि वाळून पांढरी रेघ सोडतं. फरशीवर ओल आहे का? केबल बॉक्समध्ये जिथून शिरते तिथली ग्लँड (केबलभोवतीचं घट्ट बूच) सैल आहे का? उंदरांनी केबल कुरतडली आहे का? टब थंडीत ऊबदार असतो, त्यामुळे उंदीर, मुंग्या आणि पाली या सगळ्यांना तो पसंत पडतो. पाषाणच्या एका बंगल्यात कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडल्यावर टर्मिनल पट्टीवर आडवी मेलेली पाल होती, डोकं फेजच्या स्क्रूवर आणि शेपूट अर्थच्या पट्टीवर. वाळून पापड झाली होती, त्यामुळे कोरड्या दिवसांत काही होत नव्हतं. दमट हवेत मात्र त्या सांगाड्यातून गळती व्हायची. ती काढली, पट्टी स्वच्छ केली, केबलची ग्लँड बदलली. काम झालं.

जळका वास येत असेल, प्लास्टिक पिवळं किंवा काळं पडलेलं दिसत असेल, तर पॅनल परत लावा आणि फोन करा.

पावसाळ्यातल्या तक्रारीत दहापैकी बरेच वेळा दोष टबात नसतोच. तो गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये असतो. बाहेर लावायचा बॉक्स आयपी ६५ चा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा) हवा आणि केबल त्यात खालून शिरायला हवी. वरून शिरली तर पाणी केबलच्या अंगावरून घरंगळत थेट आत जातं. हे बघायला पैसे पडत नाहीत.

पाचवी: आयसोलेटरने घर दोन भागांत वाटा

ही तपासणी सर्वांत उपयोगी आहे आणि नेमकी हीच लोक चुकीची करतात.

टबाची एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करायची, ती पडली की म्हणायचं "टबात दोष नाही, टब तर बंद आहे." हे बरोबर नाही. डीबीतली साधी एमसीबी एक पोलची असते, ती फक्त फेज तोडते. न्यूट्रल टबापर्यंत जोडलेलाच राहतो. हीटरच्या कॉइलचं न्यूट्रलकडचं टोक बॉडीला लागलं असेल तर एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडते.

म्हणून टबाजवळ दोन पोलचा आयसोलेटर हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. तो टबातून दिसेल अशा जागी पण हाताच्या टप्प्याबाहेर असावा. टबाच्या काठापासून २ मीटरच्या आत मी सॉकेट, स्विच काहीही ठेवू देत नाही.

आता हा आयसोलेटर बंद करून आरसीसीबी वर करा. टिकली, तर दोष टबाकडे आहे. तरीही पडली, तर दोष डीबी ते आयसोलेटरच्या केबलमध्ये किंवा घरात दुसरीकडे. तुमच्याकडे आयसोलेटरच नसेल तर इथेच थांबा. तो बसवून घेणं हे पहिलं काम.

दोष टबाकडे असेल आणि ब्लोअर, ओझोनेटर, लाइट हे बाहेरून प्लगने जोडलेले असतील, तर प्रत्येक वेळी आयसोलेटर बंद करून एकेक प्लग काढा, पॅनल बंद करा, चालू करून बघा. ज्याचा प्लग काढल्यावर आरसीसीबी टिकते तो दोषी. प्लग हाताने निघत असेल तरच हे करा. स्क्रू सोडवायची वेळ आली की घरमालकाचं काम संपलं.

फुगवायचे टब वापरणाऱ्यांसाठी एवढंच: त्याच्या वायरीवरच सुरक्षा प्लग असतो. तो थेट १६ अँपिअरच्या, अर्थ असलेल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर ठेवून टब चालवणं बंद करा. पायात रबरी चप्पल आहे ही काही व्यवस्था नव्हे.

इथून पुढे इलेक्ट्रिशियन

पुढचं वाचा ते यासाठी, की येणारा माणूस काय करतोय हे तुम्हाला कळावं.

हीटर हा सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोषी. कॉइलच्या धातूच्या नळीत, तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. नळीला केसाएवढी चीर गेली की पूड ओल धरते आणि गळती सुरू होते. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, पण बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरलं की क्षार साचतात. काढलेल्या कॉइलवर पांढरा खडबडीत थर असतो, नखाने खरवडला की कपची निघते आणि खाली कधी कधी तपकिरी डागाच्या मधोमध चीर दिसते. थराखाली कॉइल जास्त तापते, म्हणून फुटते. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मधे राखला नाही तरी धातू खाल्ला जातो. अशी कॉइल बदलावी लागते.

चीर नसतानाही कॉइल ओल धरते, तेही टब बरेच महिने बंद असला की. आई-बाबा मुलाकडे अमेरिकेत गेले, परत आल्यावर टब लावला आणि आरसीसीबी पडली, असा फोन दर वर्षी येतो. अशी कॉइल काढून सावकाश उष्णतेने वाळवली तर बऱ्याचदा सुधारते. लगेच नवी घ्यायला सांगणाऱ्याला आधी वाळवून मोजायला सांगा.

मोजायचं ते मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने), ५०० व्होल्टवर. किमान १ मेगओम यायला हवं, चांगली कॉइल त्याच्या कितीतरी पट दाखवते. यात दोन अटी. कंट्रोल कार्ड आधी सोडवायचं, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने कार्ड जळतं आणि कॉइलपेक्षा महाग पडतं. आणि तापल्यावर पडणारी तक्रार असेल तर कॉइल गरम असतानाही मोजायचं, कारण थंडपणी मिटलेली चीर उष्णतेने फाकते.

न्यूट्रलची भानगड

"टब बंद असताना दिवा लावला की पडते" या तक्रारीचं उत्तर जवळपास नेहमी इथे असतं. टब बसल्यावर कोणीतरी म्हणतं, इथे एक दिवा हवा. वायरमन फेज जिन्याच्या स्विचमधून घेतो आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून टबाच्या आयसोलेटरमधून. दिवा लागतो, पैसे मिळतात. पण त्या दिव्याचा करंट एका वाटेने जातो आणि टबाच्या आरसीसीबीतून परत येतो. ९ वॅटचा एलईडीसुद्धा सुमारे ४० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे ३० ची आरसीसीबी पाडायला एक बल्ब पुरतो. इन्व्हर्टरचा न्यूट्रल असाच भलतीकडे जोडलेला असला तर पंखा लावला की टब बंद होतो. टबात कितीही शोधा, काही सापडणार नाही. डीबीत प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी आहे का, आणि तिच्यावर परका न्यूट्रल आलाय का, हे एकेक वायर सोडवूनच बघावं लागतं.

त्याच वेळी टबाला स्वतःची ३० मिलीअँपिअरची आरसीबीओ बसवून घ्या. फ्रिज, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर, सगळे थोडी थोडी गळती करतात आणि ती बेरीज सामाईक आरसीसीबीला आधीच निम्म्यावर आणून ठेवते. टबात इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असल्याने टाइप ए (इलेक्ट्रॉनिक सर्किटची गळतीही ओळखणारी) मागा. स्वस्तात मिळते ती टाइप एसी.

अर्थिंग

पुण्याच्या टेकड्यांच्या बाजूला हातभर खाली काळा पाषाण लागतो. पाइप अर्थिंग वरवरच्या मुरमात थांबतं आणि मे महिन्यात माती सुकली की त्याचा रोध चढतो. जुन्या इमारतींत अर्थची वायर पाण्याच्या जीआय (लोखंडी) पाइपला बांधलेली असायची. नूतनीकरणात पाइप सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) झाले आणि ते अर्थ कुठेच जात नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

फेज आणि अर्थमधे १०० वॅटचा बल्ब लावून "बघा, अर्थ आहे" म्हणणारे अजून भेटतात. तो बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थचा रोध २० ओम असला तरी जेमतेम ९ व्होल्ट पडतात आणि बल्ब छान पेटतो. मोजायचं ते अर्थ टेस्टरने. ५ ओमच्या खाली आणायचा माझा आग्रह असतो. शिवाय टबाची शिडी, रेलिंग, जवळचे लोखंडी खांब हे सगळं एकमेकांना आणि अर्थला तांब्याच्या वायरने जोडलेलं हवं, म्हणजे दोन हातांत दोन वेगळे व्होल्टेज येत नाहीत.

हे कोणी सुचवलं तर त्याला जिन्यापर्यंत सोडून या

एक: "टबाची अर्थ वायर काढतो, मग पडणार नाही." खरंच पडत नाही. कारण गळणारा करंट जायला वाटच उरत नाही. तो टबाच्या धातूत आणि पाण्यात वाट बघत बसतो आणि पहिला माणूस ओल्या फरशीवरून आत हात घालतो तेव्हा त्याच्यातून जातो. "काका, सगळीकडे असंच करतात" हे यावरचं उत्तर नाही.

दोन: ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलीअँपिअरची आरसीसीबी. ती आगीपासून वाचवते, माणसाला नाही.

तीन: आरसीसीबी बायपास करून टब थेट जोडणं.

अमेरिकेहून कंटेनरमधून आणलेला टब असेल तर तो आपल्या सप्लायला चालतो का हे उत्पादकाच्या प्लेटवर वाचा. ६० हर्ट्झचा पंप आपल्या ५० हर्ट्झवर हळू फिरतो आणि जास्त तापतो, आणि आतले १२० व्होल्टचे भाग २३० वर जळतात.

कोणाला बोलवायचं

कंट्रोल बॉक्स, मेगर, डीबी आणि अर्थिंग या चारही कामांना सरकारी परवाना असलेला विद्युत ठेकेदार हवा. परवाना क्रमांक विचारा, वाईट वाटून घेणारा माणूस नकोच. घरातले काही दिवे अचानक लख्ख आणि काही मंद होत असतील तर टब विसरा, मेन पाडा. सप्लायचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो आणि थ्री फेज घरात अशा वेळी एका फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जातं. तेव्हा महावितरणला १९१२ वर फोन.

ठेकेदाराला फोनवर एवढं सांगा: कुठला खटका पडतो, टी बटण चालतं का, आयसोलेटर बंद केल्यावर आरसीसीबी टिकते का, कुठला प्लग काढल्यावर टिकली, पाणी नळाचं की टँकरचं. काम झाल्यावर कॉइलचं मेगर रीडिंग आणि अर्थचा रोध तारखेसह लिहून मागा आणि तो कागद डीबीच्या दाराच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी तक्रार आली की आकडा कितीने घसरला ते लगेच दिसतं. टी बटण महिन्यातून एकदा दाबा, आणि गच्चीवरच्या बॉक्सची ग्लँड व रबर मे महिन्यातच बघून घ्या. जूनमध्ये ओल्या गच्चीवर आम्हीही झाकण उघडत नाही.